करंजीचा घाट आणि मस्कतचे पत्र

पाथर्डी म्हटले की बाहेरच्या माणसाला दोन गोष्टी आठवतात. एक नवरात्रातली मोहटादेवी आणि दुसरी होळीपासून पाडव्यापर्यंत चालणारी मढीच्या कानिफनाथांची यात्रा. गाढवांचा बाजार आणि प्रसादाच्या रेवड्या यांनी मढीचे नाव दूरवर पोचवले आहे. पण ज्यांच्या शेतात ऊस उभा असतो त्यांना पाथर्डी ठाऊक असते ती वेगळ्याच कारणाने. दसरा झाला की त्यांच्या फडात कोयता चालवणारी माणसे येतात, ती पुष्कळशी आमच्या आणि शेजारच्या बीड जिल्ह्याच्या गावांतून.

आमचा जिल्हा क्षेत्रफळाने महाराष्ट्रात सर्वांत मोठा. १७,०४८ चौरस किलोमीटर, तालुके १४. चोंडीला १७२५ साली जन्मलेल्या अहिल्याबाई होळकरांच्या नावाने २०२४ पासून त्याचे नाव अहिल्यानगर झाले. पण एसटीत बसताना आम्ही बायका अजून ‘एक नगर द्या’ असेच म्हणतो. जिल्ह्याच्या उत्तरेला प्रवरेचे पाणी आहे, कालवे आहेत, लोणीला विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांनी उभा केलेला सहकारी साखर कारखाना आहे. आमच्या बाजूला पाऊस मनात आले तर येतो. ऊस जिल्ह्याच्या एका टोकाला आणि तो तोडणारे हात दुसऱ्या टोकाला, अशी आमची गंमत आहे. पोटासाठी घर बंद करून बाहेर पडणे आमच्याकडे कुणाला नवे नाही. म्हणूनच मला मस्कतच्या एका शाळेत नोकरी मिळाली तेव्हा शेजारणींनी एवढेच विचारले, “किती महिन्यांचा हंगाम?”

हंगाम दोन वर्षांचा होता. मी बी.ए. झालेली, लग्नानंतर बालवाडीच्या शिक्षिकेचा एक अभ्यासक्रम केलेली. सकाळचे चार तास एका शाळेच्या लहान गटाला शिकवते, बाकीचा दिवस घर. महिना सात हजार रुपये. मैत्रिणीच्या नणंदेने सांगितले म्हणून मी मस्कतच्या बालशाळेसाठी अर्ज केला. मोबाईलवरच मुलाखत झाली. मागे स्वयंपाकघर दिसू नये म्हणून मी देव्हाऱ्याच्या भिंतीला पाठ लावून बसले होते. तिथल्या मुख्याध्यापिका भारतीयच, बोलायला मोकळ्या. आठ दिवसांत पत्र आले. महिना २०० रियाल, राहायला दोघींत एक खोली, नोकरी जानेवारीपासून. मी ‘येते’ असे कळवले आणि कागदपत्रांसाठी माझ्या नगरच्या फेऱ्या सुरू झाल्या. भाद्रपद संपत आला होता.

पाथर्डी ते नगर हा रस्ता सुमारे ५० किलोमीटरचा. कल्याणहून निर्मलला जाणारा राष्ट्रीय महामार्ग तो हाच. निवडुंगे, तिसगाव मागे पडले की दोन्ही बाजूंना बाजरीची कापणी चाललेली दिसते. कुठे तूर, कुठे कपाशी. ज्वारीसाठी नांगरून ठेवलेली काळी राने पावसाची वाट बघत पडलेली असतात. मग करंजी येते आणि गावापासून घाट. सह्याद्रीच्या घाटांसारखा हा उंच नाही, पण पाऊस बरा झाला असेल तर त्या दिवसांत डोंगर हिरवा असतो, आणि गाडी वळणे घेत वर चढू लागली की अंगाला गार वारा लागतो. सासरी आले तेव्हापासून मी हा घाट कितीदा ओलांडला असेन, पण इतके लक्ष देऊन कधी पाहिला नव्हता. एखादी गोष्ट सोडून जायचे ठरले की ती नीट दिसू लागते.

घाट उतरून पुढे गेले की नगरच्या अलीकडे डोंगरावर चांदबिबीचा महाल दिसतो. नाव चांदबिबीचे, पण ती आहे निजामशाहीतला वजीर सलाबतखान याची कबर. अष्टकोनी, तीन मजली दगडी वास्तू. चांदबिबीने नगरचा किल्ला मोगलांविरुद्ध लढवला तो १५९५-९६ साली. दुसऱ्याच्या कबरीला लोकांनी तिचे नाव दिले, यावरून ती लोकांच्या किती मनात बसली होती ते कळते.

भिंगार ओलांडले की तोच भुईकोट किल्ला. लष्कराच्या अखत्यारीत असल्यामुळे त्याचा परिसर नगरच्या इतर भागांपेक्षा शांत वाटतो. १९४२ च्या ऑगस्टमध्ये नेहरू, पटेल, मौलाना आझाद अशा नेत्यांना इथे आणून ठेवले. नेहरूंनी ‘डिस्कव्हरी ऑफ इंडिया’ इथे लिहिले हे शाळेतल्या मुलांनाही ठाऊक असते. पण मला दर फेरीला आठवण व्हायची ती आझादांची. १९४३ च्या एप्रिलमध्ये त्यांची पत्नी कलकत्त्याला वारली, तेव्हा ते या भिंतींच्या आत होते. ते देशासाठी तुरुंगात होते, मी पगारासाठी निघाले होते. दोन्हींची तुलना करणे शोभणार नाही. पण घरी काही झाले तर आपण कुठे असू, हा प्रश्न लहान माणसालाही पडतोच की.

कागदपत्रांचा प्रकार मात्र मैत्रिणींनो, ऐकण्यासारखा आहे. परदेशात नोकरी करायची तर नुसते प्रमाणपत्र चालत नाही. ते खरे आहे असे सरकारने सांगावे लागते. आधी विद्यापीठाची पडताळणी, मग राज्य शासनाचा शिक्का, शेवटी परराष्ट्र मंत्रालयाचा. त्या शेवटच्या शिक्क्याला अपोस्टिल म्हणतात. भारत २००५ साली त्या आंतरराष्ट्रीय करारात आला. ओमानही त्यात आहे, त्यामुळे मस्कतसाठी तो चालतो. माझ्या पदवीवर ‘पुणे विद्यापीठ’ असे छापलेले आहे, कारण ती २०११ ची. २०१४ साली विद्यापीठाला सावित्रीबाई फुल्यांचे नाव मिळाले, म्हणजे पडताळणीचा कागद येणार तो त्यांच्या नावाचा. अर्ज भरताना हे लक्षात आले आणि पेन हातातच राहिले. कारण सावित्रीबाई शिकवायला शिकल्या त्या या नगरमध्ये!

ही हकीकत आमच्या जिल्ह्यातल्या बायकांनाही फारशी माहीत नसते. सिंथिया फरार नावाच्या एक अमेरिकन बाई १८२७ साली हिंदुस्थानात शिकवायला निघाल्या. लग्न न झालेली बाई साता समुद्रापलीकडे कामाला पाठवायची, हे तेव्हा अमेरिकेतही नवलाचे होते. सुएझचा कालवा खुला झाला १८६९ साली. त्या आल्या आफ्रिकेला वळसा घालून, कित्येक महिने जहाजात. आधी मुंबईला आणि १८३९ पासून नगरला त्यांनी मुलींच्या शाळा चालवल्या. जोतिरावांनी नगरच्या त्या शाळा पाहिल्या, आणि सावित्रीबाईंनी अध्यापनाचे धडे फरारबाईंकडे घेतले असे चरित्रकार सांगतात. १८६२ साली फरारबाई नगरलाच वारल्या. म्हणजे परदेशी जाऊन शिकवणारी शिक्षिका काय करू शकते, याचा दाखला शोधायला मला मस्कतला जायला नको होते. तो माझ्या एसटीच्या थांब्यापासून हाकेच्या अंतरावर होता.

खरे सांगते, त्या दिवशी मला फार बळ आले. जावे, असेच वाटले. फरारबाईंना जाताना ना फोन, ना परतीचे तिकीट. मला तर मुंबईहून विमानाने तीन तासांच्या आत मस्कत. घड्याळातही फरक फक्त दीड तासाचा. मुले रात्री जेवायला बसतील तेव्हा मी तिथून त्यांना बघू शकेन.

मग मी ज्या एजंटामार्फत हे काम चालले होते त्याच्या कार्यालयात गेले. त्याने पासपोर्ट आणि मूळ प्रमाणपत्रे ‘जमा’ करायला सांगितली आणि साठ हजार रुपये रोख मागितले. पावती व्हिसा आल्यावर मिळेल म्हणाला. मी म्हटले, “विचारून सांगते,” आणि पिशवी घेऊन खाली उतरले. विचारले ते परराष्ट्र मंत्रालयाच्या ई-मायग्रेट या संकेतस्थळाला. परदेशी नोकरीला माणसे पाठवणाऱ्याकडे सरकारी परवाना लागतो आणि त्याचा क्रमांक तिथे तपासता येतो. उमेदवाराकडून ३०,००० रुपये आणि त्यावरचा जीएसटी, यापेक्षा जास्त सेवाशुल्क घेता येत नाही. आणि पासपोर्ट आपल्या नावाचा असला तरी मालमत्ता भारत सरकारची असते. तो कुणी ठेवून घ्यायचा नसतो. मी मुख्याध्यापिकांना सरळ पत्र टाकले. त्यांनी उत्तर दिले की शाळा एजंटाला स्वतः पैसे देते, तुम्ही काही देऊ नका, आणि सोबत कराराचा मसुदा पाठवला. शाळा चांगलीच होती. हे मुद्दाम लिहिते, कारण नंतर लोकांनी ‘फसवणूक होती वाटतं’ असे परस्पर ठरवून टाकले. तसे नव्हते.

मसुदा मी रात्री सगळे झोपल्यावर वाचला आणि घरखर्चाची वही काढली. आपल्या बायकांचे शहाणपण शेवटी त्या वहीत असते. २०० रियाल म्हणजे तेव्हाच्या भावाने ४४,००० रुपयांच्या आसपास. तिथला माझा खर्च ६० रियाल धरला तर उरले साधारण ३०,८००. त्यातून इथला बुडणारा पगार ७,००० वजा. सासूबाईंना मधुमेह, सकाळ-संध्याकाळ इंजेक्शन, शिवाय दोन मुलांचे डबे आणि शाळा. त्यासाठी बाई ठेवायची तिचे ८,००० वजा. राहिले १५,८००. चोवीस महिन्यांचे ३,७९,२००. कागदपत्रे, कपडे, मुंबईच्या फेऱ्या यांचे ६०,००० गेले की ३,१९,२००. पहिल्या उन्हाळ्याची दोन महिन्यांची सुट्टी बिनपगारी होती आणि तिकीटही आपले. घरी यायचे म्हटले तर ६१,६०० आणि वर २५,००० आणखी वजा. हाती उरणार २,३२,६००. आमच्या घराच्या कर्जाला बाकी होते ३,८०,०००.

रक्कम लहान नाही. पण ‘परदेशचा पगार’ म्हणून जो आकडा गल्लीत फिरत होता, त्याच्याशी तिची ओळखदेखील नव्हती. शिवाय करारात एक कलम होते: दोन वर्षांच्या आत नोकरी सोडली तर व्हिसाचा आणि विमानाचा खर्च आणि दोन महिन्यांचा पगार भरून द्यायचा. यात अन्याय काही नव्हता. शाळेने खर्च केला तर तिला हमी हवीच. पण गेल्यावर परत येणे माझ्या हातात राहणार नव्हते, हे त्या एका ओळीने सांगितले.

दसऱ्यानंतरच्या फेरीला मी संध्याकाळी परतत होते. करंजीच्या घाटात गाडी खोळंबली. समोरून ट्रक येत होते. ट्रकांत पाचटाच्या खोपीला लागणारी बांबूची कामटे, पाण्याचे ड्रम, चुली, कोंबड्या, वर माणसे. ऊसतोडीला टोळ्या निघाल्या होत्या. आमच्याकडे नवरा-बायकोच्या जोडीला मिळून एक ‘कोयता’ म्हणतात. मुकादम हंगामाआधी जोडीला उचल देतो, म्हणजे आगाऊ रक्कम. ती लग्नात, दवाखान्यात, घराच्या पत्र्यात जाते, आणि मग फेडून होईपर्यंत कोयता थांबवता येत नाही. मुले आजी-आजोबांपाशी राहिली तर त्यांच्यासाठी शाळेकडून हंगामी वसतिगृहाची सोय होते. नाहीतर तीही ट्रकात. माझ्याही वर्गातून दर दिवाळीला दोन-तीन पाट्या कमी होतात.

घरी आल्यावर हे मी सासूबाईंना सांगितले. त्या चुलीपुढे नव्हे, आता गॅसपुढे, भाकरी थापत होत्या. माझ्या जाण्याला त्यांनी कधी आडकाठी केली नव्हती, उलट “जा तू, मी बघते पोरांचं” असेच म्हणत आल्या होत्या. त्या रात्री पहिल्यांदा त्यांनी स्वतःचे सांगितले. त्या तरुणपणी पाच हंगाम तोडीला गेल्या होत्या. आमच्या ‘ह्यां’ना दीड वर्षाचे असताना आजीपाशी ठेवून.

“चैतात माघारी आले तर वळखंना मला. आजीच्या लुगड्यामागं लपायचं. हात पुढं केला तर रडायचं. आठ दिस मी त्याला लांबनंच बघत हुते.”

हे पलीकडे पेपर वाचत होते. त्यांनी मान वर केली नाही, पण पानही उलटले नाही.

मी विचारले, “मग दुसऱ्या वर्षी कशाला गेलात, आई?”

“उचल घेतली हुती ना बाई! नाय म्हणायचं कुठून?” भाकरी तव्यावर टाकून त्यांनी मला विचारले, “तू घेतलीस का गं उचल?”

“नाही. अजून सही नाही, पैसा नाही. पुढच्या आठवड्यात व्हिसाला कागद जाणार.”

“मग मोकळी हायेस. जायचं तर मोकळ्या मनानं जा. नसंल जायचं तर आत्ताच सांग, त्या बाईला तरी दुसरी बघू दे.”

त्यांनी मला ना थांबवले ना ढकलले. माझी मुलगी नऊ वर्षांची, मुलगा पाच. ती मला विसरणार नव्हती, रोज फोनवर दिसणार होतेच. पण पाचव्या आणि सातव्या वर्षामधला मुलगा मला फक्त काचेत दिसला असता. आणि सासूबाईंची साखर मध्यरात्री उतरते तेव्हा गूळ हातावर ठेवायला फोन उपयोगी नाही. ज्यांना गत्यंतर नसते त्यांना हे सोसावे लागते. ट्रकातल्या त्या बायका सोसतातच. मला गत्यंतर होते. २,३२,६०० रुपयांसाठी ते सोडायचे का, एवढाच प्रश्न होता, आणि त्याचे उत्तर मी दिले.

ह्यांना सांगितले तेव्हा ते थोडा वेळ गप्प राहिले. कर्जाचा भार त्यांच्याच माथ्यावर आहे. मग म्हणाले, “हप्ता मी बघतो. तू पत्र नीट लिही.”

पत्र मी दुसऱ्या दिवशी लिहिले. सहा ओळींचे. आभार, नकार, आणि व्हिसाचा अर्ज जाण्याआधी कळवते आहे हे. आजारपणाची किंवा कसलीही खोटी सबब सांगितली नाही. सबबीला पुढे शेपूट फुटते. ‘बऱ्या झाल्या की या’ म्हटले तर काय करणार? दोन दिवसांत मुख्याध्यापिकांचे उत्तर आले. वेळेवर कळवल्याबद्दल त्यांनी आभार मानले होते. माझ्यामागे यादीत आणखी एक उमेदवार होती, तिला त्या बोलावणार होत्या. एजंटाने मात्र फोन करून नाव काळ्या यादीत टाकतो म्हणून दम दिला. ना सही, ना अर्ज, ना त्याचा एक रुपया माझ्याकडे. पुढे काहीही झाले नाही.

गल्लीत चर्चा झाली. “हातातली सोन्याची संधी घालवली,” असे काहींनी तोंडावर सांगितले, काहींनी मागून. जाणाऱ्या बाईला लोक विचारतात, पोरांना टाकून कशी निघालीस. न जाणाऱ्या बाईला विचारतात, घराचं भलं होत होतं ते का नाकारलंस. दोन्ही प्रश्न बाईलाच. माझ्या मैत्रिणीची नणंद तिकडे सुखाने काम करते आहे. तिच्यामागे घर सांभाळायला धडधाकट माणसे आहेत आणि तिचा हिशोब तिच्या वहीत जुळला. माझा नाही जुळला. यात तिचे काही मोठे नाही आणि माझे काही लहान नाही.

ज्या मैत्रिणी असा विचार करीत असतील त्यांना चार गोष्टी सांगते. परवाना तपासल्याशिवाय कुणाला पैसा देऊ नका, आणि दिलात तर पावती तिथल्या तिथे घ्या. मूळ प्रमाणपत्रे शिक्क्यांसाठी द्यावी लागली तर पोच घ्या; पासपोर्ट जमा करून ठेवू नका. ‘पर्यटक म्हणून या, नोकरीचा व्हिसा नंतर करू’ असे कुणी म्हणाले तर तिथेच थांबा. आणि चौथी गोष्ट सासूबाईंची: जायचे की नाही याचा फैसला उचल घेण्याआधी करा. समोरच्याचा पैसा आपल्या नावावर खर्च झाला की नकार महाग होतो, त्यालाही आणि आपल्यालाही.

आमचा भाग बघायचा असेल तर श्रावण-भाद्रपदात या, घाट तेव्हा डोळे निववतो. नगरला किल्ला बघा, येताना चांदबिबीच्या महालावर चढा, मढीला कानिफनाथांच्या पाया पडा आणि रेवड्या घ्या. आणि दसऱ्यानंतर आलात, घाटात ट्रकांची रांग लागली आणि तुमची गाडी थांबली, तर ड्रायव्हरला हॉर्न वाजवू देऊ नका. त्या गाड्यांतल्या बायांना घरून निघायला आधीच पुष्कळ वेळ लागलेला असतो.